लांबच्या काठावरचा पक्षी आणि तीन जणांचे तीन सल्ले

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. रोज सकाळी तळ्यावर फिरायला जाते. दुर्बिणीतून पाणपक्षी बघते आणि वहीत नोंदी करते. आता त्या नोंदींना फोटोंची जोड द्यावी असं वाटतंय. अडचण अशी की बहुतेक पक्षी पलीकडच्या काठावर बसतात आणि मोबाइलमध्ये त्यांचा नुसता ठिपका येतो. चंद्राचे फोटो काढायचीही हौस आहे. वर्षातून एकदोनदा नातीचा नाच असतो, तोही टिपता आला तर बरं. लेन्स बदलायची भानगड नको, म्हणून ब्रिज कॅमेराच, म्हणजे एकच कायमची लांब झूमची लेन्स असलेला, घ्यायचं ठरवलंय. भाचा म्हणतो, निकॉनचा १२५ पट झूमवाला पी११०० घे, त्याच्यापुढे काही नाही. आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटातले एक गृहस्थ म्हणतात, छोट्या सेन्सरचा कॅमेरा म्हणजे पैसे पाण्यात, घ्यायचा तर सोनीचा आरएक्स१० मार्क ४ घ्या. मुलगी म्हणते, कॅननचा एसएक्स७० घे, हलका आहे. माझं उजवं मनगट अधूनमधून दुखतं, म्हणून तिला काळजी. मी स्वतः निकॉनचा पी९५० बघून आले, तो बरा वाटला. महिनाभर नुसती वाचतेय आणि जास्तच गोंधळतेय. कोणता घेऊ?

उत्तर :

ताई, महिनाभर वाचून झालंय तेव्हा आणखी ताटकळत ठेवत नाही. तुम्ही स्वतः बघून आलात तो पी९५० घ्या. अट एकच, तो धरून तुमच्या मनगटाला त्रास होता कामा नये. होत असेल तर मुलीचं ऐका आणि एसएक्स७० घ्या. भाच्याचा पी११०० नको. सोनी हा या चौघांमधला सगळ्यात तयारीचा कॅमेरा आहे यात वाद नाही, पण तुमचं काम वेगळं आहे. आता कारणं सांगते. ती नीट कळली नाहीत तर उद्या आणखी कोणी भेटेल, पाचवं नाव सुचवेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर याल.

सगळ्यात आधी तो ‘पट’ डोक्यातून काढा. ६५ पट, ८३ पट, १२५ पट हा आकडा फक्त एवढंच सांगतो की लेन्सचं लांबचं टोक जवळच्या टोकाच्या किती पट आहे. एसएक्स७० चा झूम २१ मिलिमीटरपासून सुरू होतो आणि ६५ पटीने १३६५ वर संपतो. पी९५० चा २४ पासून २००० पर्यंत, म्हणून ८३ पट. पी११०० चा २४ ते ३०००. सोनीचा २४ ते ६००, म्हणजे फक्त २५ पट. पॅनासॉनिकचा एफझेड८२ साठ पटीचा आहे, पण तो २० पासून सुरू होतो म्हणून १२०० वरच थांबतो. तुम्हाला पलीकडचा काठ गाठायचाय, तेव्हा शेवटचा मिलिमीटरचा आकडा तेवढा बघायचा. आणि खोक्यावर ‘१६६ पट’ असं काही दिसलं तर तो डिजिटल झूम आहे, म्हणजे मधला तुकडा कापून फुगवलेला. ते काम घरी संगणकावर सावकाश करता येतं. कॅमेऱ्यात ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

आता पक्ष्याकडे येऊ. समजा छोटा खंड्या बसलाय, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटीमीटर, तुमच्यापासून ५० मीटरवर. पी९५० पूर्ण झूमवर ५० मीटरवरचा साधारण ९० सेंटीमीटर रुंदीचा पट्टा दाखवतो. त्या चौकटीत खंड्या आडवा बसला तर त्याच्या अंगावर जवळजवळ ८२० पिक्सेल येतात. एसएक्स७० मध्ये ६३० च्या आसपास. सोनीमध्ये चौकट तीन मीटर रुंद होते आणि खंड्याच्या वाट्याला २९० पिक्सेल येतात. पी११०० मध्ये १२०० च्या वर. भाचा या आकड्यांवर खूश होईल, आणि इथपर्यंत त्याचं बरोबरही आहे.

पण पिक्सेल तिप्पट आले म्हणून पिसांचे बारकावे तिप्पट येत नाहीत. आणि ज्या गृहस्थांनी तुम्हाला सेन्सरचा धाक घातलाय त्यांचंही म्हणणं इथे अर्धंच खरं ठरतं. हा भाग जरा सावकाश वाचा, सगळा निर्णय यावर उभा आहे.

पी९५० चा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, अगदी नखाच्या कोपऱ्याएवढा. सोनीचा, ज्याला सगळे ‘एक इंची’ म्हणतात, तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ चौपट. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश मावतो, फोटो स्वच्छ येतो, अंधारात दाणे कमी येतात, हे सगळं खरं. मात्र केव्हा? जे टिपायचंय त्याने चौकट भरली तर. तुमचा खंड्या सोनीच्या चौकटीच्या रुंदीचा जेमतेम एकोणिसावा हिस्सा व्यापतो. तो मोठा करून बघायला तुम्ही फोटो कापणार, आणि कापल्यावर त्या चौपट सेन्सरचा एक चिमुकला तुकडाच हातात उरणार. बाकीच्या सेन्सरवर नुसतं पाणी आणि लव्हाळं.

मग खंड्याकडून येणारा प्रकाश कोण जास्त गोळा करतं? ते सेन्सरवर ठरत नाही, लेन्सच्या उघडिपीवर ठरतं. सोनीची लेन्स लांबच्या टोकाला प्रत्यक्षात २२० मिलिमीटरची असते (वरचे ६००, २००० हे आकडे तुलनेसाठी जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात बदललेले आहेत) आणि तिचा अ‍ॅपर्चर एफ/४, म्हणजे २२० ला ४ ने भागून प्रकाश आत यायची वाट ५५ मिलिमीटर व्यासाची. पी९५० ची लेन्स प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरची, एफ/६.५. भागाकार करून बघा, पुन्हा ५५ मिलिमीटरच. पावसात सारख्याच तोंडाची दोन भांडी ठेवली तर एकाचं बूड रुंद आणि दुसऱ्याचं अरुंद असलं तरी पाणी तेवढंच साठतं, तसं हे आहे. ५० मीटरवरच्या त्या एका पक्ष्यापासून दोन्ही कॅमेरे सारख्याच वेळात जवळजवळ सारखाच प्रकाश घेतात. म्हणजे लांबच्या, लहान, बसलेल्या पक्ष्यासाठी मोठ्या सेन्सरचा जो फायदा तुम्हाला सांगितला गेला तो जवळपास संपतो. उरतो तो पी९५० चा फायदा, की तो तेवढाच प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि तुम्हाला व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, पक्षी मोठा दिसतो. डोळ्याभोवतीचं कडं, चोचीचा रंग, पायाचा रंग, नोंदवहीसाठी तुम्हाला जे लागतं ते सगळं जागेवरच तपासता येतं.

हाच भागाकार भाच्याच्या कॅमेऱ्याला लावा. पी११०० ची लेन्स लांबच्या टोकाला प्रत्यक्षात ५३९ मिलिमीटर, पण अ‍ॅपर्चर एफ/८. उघडीप येते सुमारे ६७ मिलिमीटर. २००० वरून ३००० वर गेलात, पक्षी दीडपट मोठा दिसला, पण काच जे बारकावे वेगळे करून दाखवू शकते ती ताकद वाढली साधारण पाचव्या हिश्श्याने. उरलेली वाढ म्हणजे तेच चित्र ताणलेलं. आणि त्यासाठी वजन किती? पी९५० एक किलोच्या जेमतेम वर. पी११०० एक किलो ४१० ग्रॅम. दुखऱ्या मनगटाला हे चारशे ग्रॅम रोज सकाळी जाणवणार. शिवाय ३००० मिलिमीटरला हात कणभर हलला तरी पक्षी चौकटीबाहेर. पी११०० हा २०२५ मध्ये आला असला तरी मुळात २०१८ चाच पी१००० आहे. यूएसबी-सी आणि किरकोळ सुधारणा सोडल्या तर लेन्स तीच. ज्यांना ट्रायपॉड लावून तासभर एका घरट्याकडे लक्ष ठेवायचंय किंवा चंद्रावरची विवरं चौकटभर बघायची आहेत त्यांना तो जरूर घेऊ द्या. तुम्ही चालत फिरणाऱ्या आहात.

मुलीचा एसएक्स७० मी बाजूला सारत नाहीये. ६१० ग्रॅम वजन ही त्याची खरी जमेची बाजू आहे. १३६५ मिलिमीटर तुमच्या तळ्याला बहुतेक वेळा पुरेल. फक्त त्याची उघडीप ३८ मिलिमीटरची, म्हणजे पी९५० च्या निम्माच प्रकाश. ढगाळ सकाळी फरक स्पष्ट दिसेल आणि पूर्ण झूमवर पिसं जरा मऊ येतील. तरीही, जो कॅमेरा जड म्हणून कपाटात राहतो त्यापेक्षा रोज गळ्यात असणारा कॅमेरा शंभरदा चांगला, आणि हे मी मनापासून सांगतेय. पॅनासॉनिकच्या एफझेड३०० चं नाव तुमच्या पत्रात नाही, पण कोणीतरी सुचवेलच म्हणून सांगते. तो शेवटपर्यंत एफ/२.८ राहतो आणि पावसाचे शिंतोडे, धूळ सहन करतो. घनदाट, ओल्या जंगलात फिरणाऱ्याला तो छान. मात्र ६०० मिलिमीटरवर थांबतो आणि सेन्सर छोटाच, १२ मेगापिक्सेलचा. पलीकडच्या काठासाठी नाही.

सोनी कोणाला सुचवला असता ते सांगते, म्हणजे त्या गृहस्थांवर अन्याय नको. तुम्हाला उडते पक्षी टिपायचे असते तर दुसरं नाव घेतलंच नसतं. त्यात फोकससाठी सेन्सरवरच ३१५ फेज डिटेक्शन बिंदू (चटकन फोकस पकडणारे) आहेत आणि तो सेकंदाला २४ फोटो घेतो, फोकस सोडत नाही. पी९५० आणि एसएक्स७० मागेपुढे चाचपडत फोकस शोधतात. संथ उडणारा बगळा किंवा आकाशात घिरट्या घालणारी घार त्यांना झूम कमी ठेवून जमते, पाकोळी जमत नाही. पी९५० सेकंदाला सात फोटो घेतो, पण दहा झाले की थांबतो आणि ते कार्डावर उतरेपर्यंत तुम्हालाही थांबायला लावतो. तसंच, पक्षी दहाबारा मीटरवर येत असतील, बागेतले असतील, किंवा संध्याकाळचा कमी उजेड हेच तुमचं रोजचं असेल, तर सोनीचा मोठा सेन्सर पुरेपूर कामाला येतो. त्यांचे पक्षी बहुधा तसे असतील. तुमचे पलीकडच्या काठावर बसलेले आहेत. वजनाचं म्हणाल तर सोनीही एक किलो ९५ ग्रॅमचा आहे आणि पी९५० पेक्षा बराच महाग. तेवढे पैसे जास्त मोजून मनगटाला सुख नाही आणि पक्षीही जवळ येत नाही.

आता मनगट. दुकानात कॅमेरा नुसता उचलून ‘ठीक आहे’ म्हणू नका. बॅटरी आणि कार्ड घालून घ्या, पूर्ण झूम करा, डोळ्याला लावा आणि समोरच्या लांबच्या पाटीवर धरून ठेवा. हात खाली आणा, पुन्हा लावा. दहा मिनिटं हे करा, दुकानदार कंटाळला तरी करा. धरताना सगळं वजन डाव्या तळहातावर, लेन्सच्या नळीखाली घ्यायचं; डावं कोपर बरगडीला टेकवायचं. उजव्या हाताला फक्त शटर दाबायचं काम. पी९५० च्या लेन्सच्या डाव्या बाजूला झूमची वेगळी कळ आहे, त्यामुळे झूमसुद्धा डाव्या अंगठ्याने होतो आणि उजवं मनगट वळत नाही. तुमच्यासाठी ही सोय कागदावरच्या कुठल्याही आकड्याइतकीच मोलाची आहे. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का ते बघा आणि शेजारची डायॉप्टरची चकती (तुमच्या नजरेप्रमाणे दृश्य जुळवणारी) फिरवून अक्षरं ठसठशीत करून घ्या. मागच्या पडद्याकडे बघत, हात लांब करून पूर्ण झूमवर फोटो काढायचा प्रयत्नच करू नका. मनगटावर सगळ्यात जास्त ताण तिथे येतो आणि फोटो हलतो तो वेगळाच.

कॅमेऱ्याबरोबर एक मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घ्या. ट्रायपॉड नको, तो तुम्ही रोज नेणार नाही. मोनोपॉड चालताना काठीसारखा हातात राहतो आणि थांबलात की कॅमेऱ्याचं वजन जमिनीवर जातं. मनगटाचा प्रश्न त्याने निम्मा तरी सुटेल.

पक्षी चौकटीत सापडत नाही ही तक्रार पहिले काही दिवस नक्की होणार, कॅमेऱ्यात दोष आहे असं समजू नका. २००० मिलिमीटरला दिसणारा कोन जेमतेम एक अंशाचा असतो. शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचीच जागा दिसते. दुर्बिणीतून याच्या कितीतरी पट रुंद दिसतं, त्यामुळे तुमची सवय आड येईल. आधी झूम कमी ठेवून पक्षी मधोमध आणायचा, जवळची एखादी खूण धरायची, वाळकी फांदी किंवा पांढरा दगड, आणि मग हळूहळू झूम वाढवायचा. मध्येच पक्षी निसटला तर लेन्सच्या बाजूचं छोटं बटण दाबून ठेवा. झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी सापडला की बटण सोडा, पुन्हा पहिल्या झूमवर जातो. एसएक्स७० लाही अशीच सोय आहे. घरी खिडकीतून लांबच्या तारेवर बसलेल्या कावळ्यांवर सराव करा, हात लवकर बसतो.

आता एक गोष्ट, जी विक्रेता सांगत नाही आणि जिच्यापायी कितीतरी जण चांगला कॅमेरा विकून टाकतात. ऊन चढलं की जमीन आणि काठावरचे दगड तापतात, त्यांच्यावरची हवा हलायला लागते आणि गरम-गार हवेच्या थरांमधून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. डांबरी रस्त्यावर दुपारी मृगजळ दिसतं त्याच जातीचा हा प्रकार. नुसत्या डोळ्यांना तळ्यावर काही जाणवणार नाही, पण २००० मिलिमीटरला पक्ष्याची कडा पाण्याखाली असल्यासारखी थरथरताना दिसेल. फोटो मऊ येईल, एक बरा तर दुसरा वाईट असं होईल, आणि वाटेल फोकस बिघडला. यावर कुठल्याच कॅमेऱ्याकडे इलाज नाही, सोनीकडेही नाही आणि सगळ्यात महागड्या लेन्सकडेही नाही. इलाज वेळेचा. ऊन वर येण्याआधीचा तास-दोन तास आणि ढगाळ दिवस हे तुमचे. तुम्ही सकाळी जाताच, त्यामुळे अर्धं काम आपसूक झालंय. व्ह्यूफाइंडरमध्ये कडा थरथरताना दिसल्या की लांबचे फोटो थांबवा आणि जवळ काय आहे ते बघा. चतुर आणि फुलपाखरं लांब झूमने पाचसहा मीटरवरून सुरेख येतात. तळ्याला वळसा घालून वीस-तीस मीटर जवळ जायची वाट असेल तर ती आधी शोधा. ५० मीटरवरचा पक्षी ३० मीटरवर आणलात तर जे मिळतं ते कुठलाही जास्तीचा झूम देत नाही. फक्त विणीच्या दिवसांत घरट्यांपासून लांब राहायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सेटिंगचं फार मनावर घेऊ नका. पी९५० च्या डायलवर पक्ष्यांसाठी वेगळा मोड आहे, त्याने सुरुवात करा. आठवडाभरात कंटाळा आला की ‘एस’ मोडवर या, म्हणजे शटर तुमच्या हातात आणि बाकी कॅमेऱ्याच्या. बसलेल्या पक्ष्याला उजेड चांगला असेल तर १/५०० सेकंद, कमी असेल तर १/२५०. स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) साडेपाच स्टॉपचा आहे असं कंपनी सांगते, एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं, आणि तो खरोखर चांगला आहे, पण तो तुमच्या हाताचं हलणं सावरतो, पक्ष्याने मान वळवली तर तो काही करू शकत नाही. म्हणून शटर फार खाली नेऊ नका. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, आपोआप ठेवा, पण कमाल मर्यादा ८०० वर बांधा. त्याच्या पुढे या छोट्या सेन्सरवर पिसांचा लगदा व्हायला लागतो. फोकसचा चौकोन सगळ्यात लहान करा, नाहीतर कॅमेरा पक्ष्यापुढच्या गवतावर फोकस करून मोकळा होईल. एका पक्ष्याचे पाचसहा फोटो लागोपाठ घ्या, त्यातला एक तरी स्थिर निघतो. बॅटरी एका चार्जमध्ये साधारण २९० फोटो देते, तेव्हा दुसरी सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

चंद्राचं उत्तर सोपं आहे आणि इथे पी९५० तुम्हाला खूश करेल. चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. २००० मिलिमीटरला तो चौकटीच्या उंचीचा तीनचतुर्थांश भाग भरतो, चहूबाजूंनी थोडं काळं आकाश राहतं, दिसायला सुरेख. (३००० ला पूर्ण चंद्र वरखाली कापला जातो.) चंद्रासाठीही डायलवर वेगळा मोड आहे. हाताने करायचं झालं तर आयएसओ १००, एफ/६.५, शटर १/२५०, आणि इथून थोडं इकडेतिकडे. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणून एवढा वेगवान शटर चालतो. कॅमेऱ्यावर सोडलंत तर तो काळ्या आकाशाला फसून चंद्राची पांढरी थाळी करून ठेवतो. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास काढा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खडबडीतपणा उठून दिसतो. पौर्णिमेला ऊन समोरून पडल्यामुळे सगळं सपाट दिसतं. मोनोपॉड किंवा कठड्याचा आधार घ्या आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा हिसका फोटोत येत नाही. चंद्र सरकत असतो, चारेक मिनिटांत तो चौकट ओलांडून जातो, त्यामुळे मधूनमधून पुन्हा मध्ये आणावा लागेल. आणि सूर्याकडे हा कॅमेरा कधीही रोखू नका, सूर्यासाठीचा खास फिल्टर नसेल तर क्षणभरही नाही. भिंगातून कागद जळतो तेच सेन्सरचं होतं.

नवीन मॉडेल येईल म्हणून थांबू का, असं मनात असेल तर थांबू नका. पी९५० २०२० चा, एसएक्स७० २०१८ चा, सोनी २०१७ चा. या प्रकारात कंपन्या आता क्वचितच काही नवं आणतात आणि तुमचे पक्षी या वर्षी तळ्यावर आहेत. नवा मिळाला नाही तर वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी बघून. पहिली, झूम आठदहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा. नळी अडखळता कामा नये, खरखर आवाज नको, बाहेर आल्यावर ती लुळी डगमगायला नको. दुसरी, पूर्ण झूमवर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून त्यात डाग दिसतात का ते बघा आणि समोरच्या काचेत टॉर्च मारून आत बुरशी किंवा धूळ आहे का ते तपासा. ही लेन्स निघत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ घरी साफ करता येत नाही. पी९५० ऐवजी त्याचा आधीचा पी९०० कोणी स्वस्तात देऊ केला तर लेन्स तेवढ्याच पल्ल्याची आहे, पण त्यात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो निघत नाहीत आणि व्ह्यूफाइंडर बराच भरड आहे. तुम्हाला दिवसभर त्याच्यातूनच बघायचंय, तेव्हा पी९५० साठी थोडे जास्त द्या.

नातीच्या नाचासाठी मात्र यातला कुठलाच कॅमेरा घेऊ नका, म्हणजे त्याला धरून निवड करू नका. वर्षातल्या एकदोन संध्याकाळींसाठी रोजच्या तीनशे सकाळींचा कॅमेरा बदलायचा नसतो. रंगमंचावर उजेड कमी आणि हालचाल जलद, तिथे पी९५० मागे पडेल हे खरंच आहे. पुढच्या रांगेत जागा धरा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. फोटोच हवे असतील तर रंगीत तालमीला जा. तिथे रंगमंचाजवळ उभं राहता येतं, आणि नाचात जिथे ती क्षणभर थांबते, हात वर, नजर समोर, तो क्षण आधीच माहीत करून घेऊन नेमका टिपता येतो.

आणि दुकानात लेन्सच्या संरक्षणासाठी म्हणून साधा काचेचा फिल्टर गळ्यात मारतील, तो घेऊ नका. एवढ्या लांब झूमपुढे आणखी एक हलक्या प्रतीची काच आली की आधीच नाजूक असलेला बारकावा आणखी पुसट होतो. काम झालं की झाकण लावा, आणि एक मऊ कापड पिशवीत ठेवा.